ओळख लिनक्सची (लेखांक ११) : सॉफ्टवेअर येतं कुठून?

मागच्या आठवड्यात आपण डेबियनवर 'एपीटी इन्स्टॉल' या आदेशाने व्हीएलसी बसवला. वेबसाइट उघडली नाही, फाइल शोधली नाही, तरी तो आला. कुठून आला, हे सांगायचं राहिलं होतं.

तो पत्ता आपल्याच संगणकात लिहिलेला असतो. 'इटीसी' फोल्डरात 'एपीटी' नावाचा फोल्डर आहे आणि त्यात 'सोर्सेस डॉट लिस्ट' ही साधी मजकुराची फाइल. वाचायला कोणालाही मुभा आहे, बदलायला मात्र रूटचे अधिकार लागतात. एकेका ओळीत आधी 'डेब' हा शब्द, मग रिपॉझिटरीचा, म्हणजे सॉफ्टवेअरच्या साठ्याचा, पत्ता, मग डेबियनच्या आवृत्तीचं नाव आणि शेवटी 'मेन'सारखे विभाग. आवृत्त्यांची नावं 'टॉय स्टोरी' चित्रपटांतल्या पात्रांची : २०२१ची बुल्सआय, २०२३ची बुकवर्म, २०२५ची ट्रिक्सी. 'एपीटी अपडेट' म्हटलं की या पत्त्यांवरून फक्त ताजी सूची येते. सॉफ्टवेअर बदलतं ते नंतरच्या 'एपीटी अपग्रेड'ने.

आवृत्तीच्या नावाच्या जागी 'स्टेबल' लिहिलेलंही चालतं. माझा सल्ला, लिहू नका. 'स्टेबल' हे नाव नव्हे, पद आहे. ९ ऑगस्ट २०२५ला त्या पदावर बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी आली आणि नेहमीच्या अपडेटला बसलेल्यांसमोर अख्खी नवी आवृत्ती उभी राहिली. नाव बदललंय, मान्य आहे का, असं एपीटी विचारतं. पण घाईत 'हो' म्हणणारे पुष्कळ. आवृत्ती कधी बदलायची ते आपण ठरवावं, तारखेने नव्हे.

आणि बदलताना जुनं नाव खोडून नवं लिहिलं की झालं, असंही नाही. बुकवर्ममध्ये वाय-फायसारख्या उपकरणांना लागणारं फर्मवेअर 'नॉन-फ्री'मधून काढून 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या नव्या विभागात ठेवलं गेलं. एका मित्राच्या लॅपटॉपवर मी हा विभाग जोडायला विसरलो. वाय-फाय चालू होतं, म्हणून कोणाच्या लक्षातही आलं नाही. फर्मवेअर मात्र जुनंच राहिलं होतं.

पण 'सोर्सेस डॉट लिस्ट'चं खरं नातं विश्वासाशी आहे. रिपॉझिटरीत एक मुख्य फाइल असते, तिच्यावर डेबियनची जीपीजी सही असते. त्या फाइलमध्ये सूचींचे हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेले ठसे, असतात आणि सूचींमध्ये प्रत्येक पॅकेजचा हॅश. वाटेत कोणी एक अक्षर बदललं तरी हॅश जुळत नाही आणि एपीटी ते पॅकेज नाकारतं. ही साखळी मला फार सुंदर वाटते. मात्र पॅकेज कोणाकडून आलं, एवढंच सही सांगते. त्या माणसाचा हेतू चांगला आहे का, हे ती सांगू शकत नाही. पॅकेज बसताना त्यातल्या स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने चालतात. म्हणजे एखाद्या ब्राउझरसाठी किंवा प्रिंटरसाठी बाहेरची रिपॉझिटरी जोडली, की त्या चालकाला पूर्ण संगणकाचा अधिकार दिला, आणि तो पुढच्या प्रत्येक अपग्रेडला पुन्हा वापरता येतो. शिवाय रिपॉझिटरींना एरवी सारखाच, ५००चा, प्राधान्यक्रम असतो. त्यामुळे बाहेरच्याने डेबियनच्याच एखाद्या लायब्ररीची वरच्या क्रमांकाची आवृत्ती ठेवली, तर एपीटी तीच उचलतं.

पूर्वी 'एपीटी-की' या आदेशाने बाहेरच्याची सही तपासण्याची किल्ली एका सामाईक जुडग्यात जायची आणि जुडग्यातली कोणतीही किल्ली कोणत्याही रिपॉझिटरीला चालायची. ही मोठी फट होती. ट्रिक्सीतून तो आदेशच काढून टाकला आहे. आता प्रत्येक पत्त्यासोबत 'साइन्ड-बाय' लिहून त्या पत्त्याला कोणती किल्ली चालेल ते बांधून द्यायचं. उबुंटू २४.०४ने याच पद्धतीची, ओळीऐवजी परिच्छेदासारखी मांडणी असलेली नवी फाइल स्वीकारली आहे. जुन्या लेखांत 'एपीटी-की' दिसली, तर तिथली कृती तशीच उचलू नका.

पुढच्या लेखाआधी एवढं करा. 'सोर्सेस डॉट लिस्ट' उघडा, शेजारचा 'सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी' हा फोल्डरही पाहा, आणि प्रत्येक पत्ता का आहे ते स्वतःला विचारा. ज्याचं उत्तर सापडणार नाही त्या ओळीच्या सुरुवातीला (मांडणी परिच्छेदासारखी असेल, तर त्या परिच्छेदाच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला) # हे चिन्ह टाका आणि 'एपीटी अपडेट' चालवा. त्या पत्त्यावरून आधी बसवलेलं सॉफ्टवेअर तसंच राहील, पण त्याला तिथून सुरक्षेची दुरुस्ती येणार नाही. म्हणून ते लागत नसेल, तर तेही काढून टाका.