पालक-प्रशिक्षक आणि झुकते माप

कार्ल स्टॉट्झ यांनी १९३९ साली पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट येथे सुरू केलेली लिटल लीग ही मुलांची बेसबॉल संघटना आजही मुख्यतः बिनपगारी स्वयंसेवकांच्या बळावर चालते, आणि संघाचा प्रशिक्षक बहुधा त्यातल्याच एखाद्या खेळाडूचा पालक असल्यामुळे पक्षपाताची शंका या व्यवस्थेला जन्मापासूनच चिकटलेली आहे. अमेरिकी पालक ज्याला ‘डॅडी बॉल’ म्हणतात तो हा प्रकार मैदानावर सहज ओळखू येतो: प्रशिक्षकाचा मुलगा चेंडूफेक करतो किंवा शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधल्या मोक्याच्या जागी उभा राहतो, तर दुसऱ्याचे मूल उजव्या बाहेरच्या क्षेत्रात जाते, जिथे या वयात चेंडू क्वचितच पोहोचतो, आणि फलंदाजीलाही शेवटी येते. सराव न मिळाल्याने ते मागे पडते, आणि मागे पडलेले म्हणून पुन्हा वगळले जाते. खरा अन्याय या चक्रात आहे.

लिटल लीगच्या नियमानुसार साधारणपणे प्रत्येक खेळाडूला क्षेत्ररक्षणात सहा बाद, म्हणजे सहा डावांच्या सामन्यातले दोन डाव, आणि एकदा फलंदाजी मिळावीच लागते. मात्र कोणत्या जागी उभे करायचे हे नियम सांगत नाही. याउलट स्वतःच्याच मुलावर अधिक कठोर होणारे पालक-प्रशिक्षकही असतात, आणि तेही त्या मुलाला जाचकच ठरते. जागा आळीपाळीने बदलण्याचे वेळापत्रक हंगामापूर्वीच सर्व पालकांना दिले, तर संशयाला फारसा वाव उरत नाही.