घरबसल्या विद्यापीठ

विद्यापीठाचें ज्ञान चार भिंतींबाहेर नेण्याचा प्रयत्न जुनाच आहे. केंब्रिजचे जेम्स स्टुअर्ट यांनीं १८६७ सालीं उत्तर इंग्लंडमधील शहरांत स्त्रियांसाठीं व्याख्यानें दिलीं. तरुण स्त्रियांनीं परक्या पुरुषाशीं तोंडी प्रश्नोत्तरें करणें त्या काळीं अप्रशस्त मानीत. म्हणून त्यांनीं प्रश्न लेखी दिले व उत्तरेंहि लेखीच मागविलीं. पुढें रॉचडेल येथें टांगून ठेवलेल्या आकृत्यांपुढें कामगार जमून शंका विचारूं लागले, आणि व्याख्यानास चर्चेची जोड मिळाली. केंब्रिज विद्यापीठानें १८७३ सालीं ही पद्धति अंगीकारली.

२०२० च्या महामारींत सभागृहें बंद झालीं, तेव्हां अनेक विद्यापीठांनीं इंटरनेटच्या द्वारें जाहीर व्याख्यानें चालविलीं. वक्ता आपल्या खोलींत, श्रोते आपापल्या घरीं! चारचौघांत उठून बोलण्यास संकोचणारा श्रोता आपला प्रश्न टंकून पाठवितो, आणि अध्यक्ष तो वाचून दाखवितात. संकोचावर लेखणीचा तोच जुना उपाय येथें पुनः उपयोगीं पडतो.

व्याख्यानाची चित्रफीत मागाहूनहि पाहतां येते. परंतु तिला शंका विचारतां येत नाहीं. श्रवणानंतर मनन हवें, आणि मननाचा आरंभ प्रश्नापासून होतो. यास्तव व्याख्यान चालू असतांनाच श्रोत्यानें हजर राहावें व एक तरी प्रश्न लिहून पाठवावा.