सिकलसेल आणि चार घरांची चौकट

सिकलसेलचे मूल जन्मले की आमच्या विदर्भातल्या वस्त्यांत दोष आईच्या पदरात टाकला जातो, नाहीतर मागल्या जन्मीच्या पापाचा दाखला दिला जातो. मी महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. घरातला पहिलाच पदवीधर, म्हणून नातलगही मलाच विचारतात. त्यांना मी कागदावर चार घरांची चौकट काढून दाखवतो. ती इंग्लंडच्या रेजिनाल्ड पनेट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केली. तिच्यामागचा नियम ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावरील प्रयोगांतून १८६६ साली मांडला होता.

हिमोग्लोबिनची बीटा साखळी घडवणारी जनुके प्रत्येकाकडे दोन असतात : एक आईकडून आलेले, एक बापाकडून. निरोगी जनुकाला ‘ए’ म्हणू, सिकलच्या जनुकाला ‘एस’. दोन्ही ‘एस’ आले तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, असह्य वेदना होतात. एकच ‘एस’ असलेला माणूस वाहक. तो सहसा धडधाकट असतो.

दोघेही वाहक असतील तर आईची जनुके वर आणि बापाची डावीकडे लिहा. घरे अशी भरतात :

ए–ए | ए–एस
ए–एस | एस–एस

एक घर निरोगी, दोन वाहक, एक पीडित. म्हणजे चार लेकरांतले एक आजारी निघणारच, असे नव्हे. प्रत्येक गरोदरपणी फासा नव्याने पडतो. दर वेळी धोका २५ टक्के. एक जोडीदार वाहक आणि दुसरा ‘ए–ए’ असेल, तर मूल वाहक होण्याची शक्यता निम्मी. पीडित मात्र होत नाही.

पीडित मुलाच्या दोन ‘एस’पैकी एक बापाचा असतो. मग एकट्या बाईला दोष कसला? आणि पूर्वजन्माला तर या चौकटीत घरच नाही.

‘हा खालच्या जातींचा रोग’ असेही ऐकू येते. एक ‘एस’ गंभीर मलेरियापासून संरक्षण देतो, म्हणून मलेरियाच्या प्रदेशांत, आफ्रिकेत आणि अरबस्तानातही, हे जनुक टिकून राहिले. जनुकाला जात कळत नाही. जात मात्र लग्नाची दारे बंद करते. डॉ. आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीअंतर्गत विवाह हेच जातीचे मर्म ठरवले. अशा बंद वर्तुळात वाहकाला वाहक भेटण्याचा संभव वाढतो.

तेव्हा कार्यकर्त्यांनी सोयरिकीच्या बैठकीत पत्रिकेऐवजी रक्ततपासणी मागावी. सोल्युबिलिटी चाचणीत ‘एस’ आहे की नाही ते कळते. वाहक की पीडित, हे इलेक्ट्रोफोरेसिसने ठरते. तपासणी मुलाचीही करा. आणि वाहक निघाली म्हणून मुलीला नाकारू नका. जोडीदार ‘ए–ए’ असला की पुरे.