एका बाटलीला एक घोडा?

उसाच्या पाचटात घोणस चावली की तासगावकर मिरजेच्या इस्पितळाचा रस्ता धरतो. शिरेतून सर्पविषावरचं औषध जातं, वेळेत पोचलेला माणूस बहुतेकदा वाचतो. तो घरी परतला की पारावर कुणीतरी हमखास म्हणतं, "एका बाटलीपायी एक घोडा मारतात म्हणे."

नाही मारत. साधा हिशेब करावा. सर्पदंशाच्या रुग्णाला पहिलाच डोस आठ-दहा बाटल्यांचा लागतो. 2020 साली 'ईलाइफ' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार 2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार माणसं मेली; उपचार घेऊन वाचलेले वेगळेच. बाटलीमागे घोडा जात असता तर वरातीलासुद्धा घोडा मिळाला नसता!

प्रत्यक्षात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष घोड्याला अगदी किंचित मात्रेत टोचतात आणि ती मात्रा हळूहळू वाढवत नेतात. घोड्याच्या रक्तात विषाला निकामी करणारी प्रतिपिंडं तयार होतात. मग मानेच्या शिरेतून ठरावीक रक्त काढून त्यातला द्रव वेगळा करतात; बऱ्याच ठिकाणी तांबड्या पेशी पुन्हा त्याच घोड्याला चढवल्या जातात. मेलेला घोडा कारखानदाराच्या काय कामाचा? त्याला तोच घोडा वर्षानुवर्षं हवा असतो. हे औषध बनवणाऱ्या हाफकिनचे असे घोडे पिंपरीत आहेत.

म्हणून सगळं आलबेल आहे असं मात्र कुणी समजू नये. गेल्या दशकात प्राणी कल्याण मंडळाच्या परवानगीने देशातल्या अशा तबेल्यांची पाहणी झाली, तेव्हा रक्तक्षय झालेली, जखमा चिघळलेली जनावरं आढळली. जाब विचारायचा तर रक्त किती आणि किती दिवसांनी काढता, याचा विचारावा.

खरोखर मरतात ते उंदीर, आणि त्यांच्याबद्दल पारावर चकार शब्द निघत नाही. औषधाच्या एका मिलिलिटरने नागाचं 0.6 मिलिग्रॅम विष निष्प्रभ केलं पाहिजे, असा भारतीय औषधकोशाचा दंडक आहे. तो पाळला जातो की नाही हे बघायला विष आणि औषध एकत्र करून उंदरांना टोचतात आणि जगले किती, मेले किती ते मोजतात.

साप मारून विष काढतात, हेही खोटं: चेन्नईजवळची इरुळ आदिवासींची सहकारी संस्था साप काही आठवडे ठेवते, विष काढते आणि त्यांना पुन्हा रानात सोडते. औषधात विष असतं, ही तर निव्वळ थाप. प्राण्यांवरच्या प्रयोगांना कायदाच नाही म्हणणाऱ्यांनी 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि 1998 चे प्रयोगविषयक नियम चाळावेत. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणी-चाचण्यांवर तर 2014 पासून बंदी आहे.

"आता संगणक आहे की, जनावरं कशाला?" हा शहरी गैरसमज. औषधांच्या चाचण्यांत प्राण्यांऐवजी इतर पद्धती वापरायची मुभा 2023 च्या नियमदुरुस्तीने दिली खरी, पण सगळीकडे तसा पर्याय अजून हाताशी नाही. घोड्याशिवाय, प्रयोगशाळेत घडवलेलं एक प्रतिपिंड 2024 मध्ये जाहीर झालं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ त्या कामात होते. नाग-मण्यारच्या विषातल्या एका घातक घटकावर ते चालतं. घोणशीच्या विषावर नाही. आणि त्याची परीक्षाही झाली ती उंदरांवरच.