परळी तालुका : माणसं, स्थलांतर आणि ग्रामसभा

परळी म्हटलं की दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात : वैजनाथाचं देऊळ आणि औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या. आज आपण त्यांच्या आजूबाजूची खेडी बघू.

परळी बीड जिल्ह्याच्या पूर्वेला, बालाघाटाच्या डोंगररांगेत आहे. उत्तरेला गोदावरीचं खोरं लागतं. डोंगराकडची जमीन हलकी, मुरमाड आणि पाऊस बेभरवशाचा. 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी वीज केंद्र बंद ठेवावं लागलं. जिथं एवढ्या मोठ्या केंद्राला पाणी पुरलं नाही, तिथं कोरडवाहू शेतकऱ्याचं काय होत असेल?

म्हणून इथली कितीतरी माणसं ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर राबून ही माणसं पाडव्याच्या आसपास परततात.

आता कारभाराकडे येऊ. परळी शहराला नगरपरिषद आहे. तिथं नगराध्यक्ष आणि नगरसेवक निवडून येतात, मुख्याधिकारी सरकार नेमतं. खेड्यात ग्रामपंचायत, तिच्यावर पंचायत समिती आणि जिल्हा परिषद. पण खेड्याकडे एक गोष्ट जास्तीची आहे, ती म्हणजे ग्रामसभा. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद असतो.

अडचण आहे ती वेळापत्रकाची. ग्रामसभा सहसा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला भरतात. गावाचा वार्षिक विकास आराखडा साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ठरतो. नेमका तेव्हाच कोयता फडावर असतो! गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी कमी असेल तेवढे लागतात. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे कायदा कुठंही मोडला जात नाही, तरी ज्यांना रस्ता, पाणी, घरकुल सगळ्यात जास्त हवं, तेच चर्चेत नसतात.

यावर साधा उपाय आहे. 15 ऑगस्टच्या सभेला गाव भरलेलं असतं. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी आपल्या मागण्या त्याच सभेत मांडाव्यात, इतिवृत्तात लिहून घ्याव्यात. मग आराखडा करताना त्या बाजूला सारणं सोपं राहत नाही. बोललेलं विसरता येतं, मंडळी. इतिवृत्तातलं दाखवता येतं.