होतकरूंची पारख

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये तीस संघ आहेत आणि प्रत्येकाच्या मागे संघांची एक उतरंड उभी आहे. सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए या चार पायऱ्यांवर एकेक संघ असतो. त्यांच्या खाली फ्लोरिडा किंवा ॲरिझोनातील सराव-संकुलात खेळणारी नवखी मुले, आणि तळाशी डॉमिनिकन रिपब्लिकमधली उन्हाळी स्पर्धा. या सगळ्याला मिळून फार्म सिस्टीम म्हणतात. एका क्लबच्या फार्म सिस्टीममध्ये दीडशेहून अधिक होतकरू खेळाडू असतात आणि त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला मेजर लीगचा एकही सामना येत नाही. कोण वर पोहोचेल, केव्हा पोहोचेल आणि तिथे किती टिकेल, हे आधी ओळखणे म्हणजे होतकरूंची पारख.

ही व्यवस्था उभी केली ब्रँच रिकी यांनी. १९१९ नंतरच्या काळात सेंट लुईस कार्डिनल्सकडे पैसा नव्हता. तयार खेळाडूंच्या लिलावात श्रीमंत क्लब त्यांना सहज मागे टाकत. रिकींनी मग लहान गावांतले क्लब विकत घेतले, कोवळ्या वयाची मुले स्वस्तात करारबद्ध केली आणि त्यांना आपल्याच छत्राखाली वाढवले. पुढे ब्रुकलिन डॉजर्समध्ये गेल्यावर त्यांनी जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध केले आणि १९४६ चा हंगाम माँट्रियलच्या मायनर लीग (म्हणजे खालच्या पायऱ्यांवरच्या) संघातून खेळवले. पुढच्याच वर्षी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये आला आणि वर्णभेदाची भिंत कोसळली.

आजचे गणितही मुळात रिकींचेच आहे. मेजर लीगमध्ये पोहोचलेला खेळाडू साधारण सहा वर्षे आपल्या क्लबशी बांधलेला असतो. त्यातली पहिली तीन वर्षे त्याला किमान वेतनाच्या आसपास पैसे मिळतात (२०२५ मध्ये हा आकडा ७ लाख ६० हजार डॉलर होता). नंतर लवादामार्फत वेतन वाढत जाते आणि सहा वर्षे भरली की तो मोकळा होतो. खुल्या बाजारात त्याच दर्जाच्या खेळाडूला वर्षाला दोन-तीन कोटी डॉलर मोजावे लागतात. न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसच्या क्लबला ते परवडते. कॅन्सस सिटी किंवा टँपा बे यांच्यापुढे मात्र स्वतः खेळाडू घडवण्यावाचून फारसा मार्ग नसतो. घडवलेले सगळेच खेळाडू स्वतःकडे ठेवायचे असतात असेही नाही. अदलाबदलीत तेच चलन म्हणून वापरले जातात.

पारखीची जुनी पद्धत डोळ्यांची. होम प्लेटच्या मागे, जाळीच्या पलीकडे स्काउट बसतो. एका हातात स्टॉपवॉच, मांडीवर वही, जवळ वेग मोजणारी रडार गन. बॅटचा आवाज होताच तो बटण दाबतो आणि धावणाऱ्याचा पाय पहिल्या बेसवर पडताच पुन्हा दाबतो. अंतर नव्वद फूट, म्हणजे सुमारे सत्तावीस मीटर. उजव्या हाताने खेळणाऱ्याने ते ४.३ सेकंदांत कापले तर तो सरासरी, ४.१ मध्ये कापले तर फार वेगवान. डावखुरा बॅटर मुळातच पहिल्या बेसच्या बाजूला उभा असतो, म्हणून त्याच्या वेळेत सुमारे दशांश सेकंद मिळवून हिशेब होतो. कॅचरसाठी मोजणी वेगळी. चेंडू त्याच्या हातमोज्यात पडल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूच्या हाती जाईपर्यंत दोन सेकंदांच्या आसपास वेळ लागला तर चालते.

हे सगळे २० ते ८० या मापावर नोंदले जाते. ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी, ६० स्पष्टपणे वरचढ, ८० विरळा. बॅटरच्या बाबतीत पाच कौशल्यांना गुण देतात: चेंडूला नेमके भिडणे, ताकद, धाव, क्षेत्ररक्षण आणि फेक. पिचरच्या प्रत्येक चेंडूला वेगळे गुण असतात आणि नियंत्रणालाही. प्रत्येक रकान्यात दोन आकडे असतात, एक आजचा आणि दुसरा पूर्ण वाढ झाल्यावरचा. अठरा वर्षांच्या मुलापुढे ताकदीच्या रकान्यात ३० आणि ६० असे आकडे दिसले, तर त्याचे खांदे अजून भरायचे आहेत, पण बॅट फिरवण्यातली लय आणि वेग आत्ताच दिसतो, असा त्याचा अर्थ. स्काउटची खरी कसोटी या दुसऱ्या आकड्यात असते.

पाचांपैकी सर्वांत मोलाचे आणि ओळखायला सर्वांत अवघड कौशल्य पहिलेच. धाव स्टॉपवॉचवर कळते, फेक डोळ्यांना दिसते. पण चेंडू पिचरच्या हातातून सुटल्यावर अर्ध्या सेकंदाच्याही आत तो सरळ येणार की खाली वळणार हे ओळखायचे असते, आणि ही ओळख सरावात दिसत नाही. खालच्या पायऱ्यांवर पिचरला वळणाऱ्या चेंडूवर पुरता ताबा नसतो, त्यामुळे वेगवान चेंडूची वाट पाहणारा बॅटर तिथे धावा लुटतो. डबल-एमध्ये पोहोचल्यावर पिचर हवा तेव्हा वळणारा चेंडू टाकतात आणि तिथेच बरेच जण अडखळतात. त्यामुळे अनेक जाणकार डबल-एच्या आधीच्या आकड्यांवर फार भरवसा ठेवत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

एकाच कौशल्याच्या बळावर किती दूर जाता येते, हे भारतातल्या दोन तरुणांच्या वाटचालीतून दिसते. २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेतून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल पुढे आले. दोघेही भालाफेकपटू आणि बेसबॉलशी दोघांचाही संबंध नव्हता. पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केले. दिनेशचा करार दोनेक वर्षांत संपला. रिंकू सिंगल-एपर्यंत चढला आणि नंतर दुखापतींनी त्याला अडवले. हात दोघांचाही जोरकस होता. पण पिचिंगची जाण अमेरिकी आणि डॉमिनिकन मुलांमध्ये आठव्या-नवव्या वर्षापासून मुरते. विसाव्या वर्षी सुरुवात करून शून्यातून सिंगल-ए गाठणाऱ्या रिंकूचे यश त्यामुळे लहान मानता येत नाही.

डोळ्यांच्या पारखीत एक मोठा दोष आहे. ती शरीराला भुलते. व्हेनेझुएलाचा होसे अल्तुवे उंचीने जेमतेम साडेपाच फूट. ह्यूस्टन ॲस्ट्रोजच्या चाचणीतून त्याला आधी परत पाठवले होते. तो पुन्हा आला आणि २००७ मध्ये अवघ्या १५ हजार डॉलरमध्ये करारबद्ध झाला. दहा वर्षांनी तो अमेरिकन लीग या मेजर लीगच्या शाखेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. उलट बिली बीन याला १९८० मध्ये न्यूयॉर्क मेट्सने ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्याच फेरीत निवडले होते. बांधा, वेग, फेक, सगळे मनासारखे होते, पण मेजर लीगमध्ये त्याची बॅट चालली नाही. पुढे ओकलंडच्या संघाचा महाव्यवस्थापक म्हणून त्याने आकड्यांच्या पारखीला प्रतिष्ठा दिली.

आकड्यांच्या पारखीतही नुसती सरासरी पाहून भागत नाही. पहिला प्रश्न वयाचा. सिंगल-एमधले बहुतेक खेळाडू एकविशीच्या आसपासचे, तर ट्रिपल-एमधले पंचविशी ओलांडलेले. सिंगल-एमध्ये चोवीस वर्षांच्या खेळाडूने मारलेले वीस होम रन फारसे काही सांगत नाहीत. डबल-एमध्ये एकोणीस वर्षांचा मुलगा नुसता टिकून राहिला, तरी ती मोठी बातमी असते. दुसरा प्रश्न स्ट्राइकआउट (स्ट्राइक गेल्याने बाद होणे) आणि वॉक (वाईट चेंडू सोडून मिळालेला पहिला बेस) यांच्या प्रमाणाचा. हिट कधी दैवाने मिळते, कधी क्षेत्ररक्षकाच्या हलगर्जीपणाने. वाईट चेंडू सोडून देण्याची सवय मात्र दैवाची नसते. तिसरा प्रश्न मैदानाचा. समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवरच्या आल्बुकर्कमध्ये विरळ हवेत चेंडू लांब जातो, म्हणून तिथले होम रन मोजताना हात आखडता घ्यावा लागतो.

हे तीन प्रश्न विचारले नाहीत तर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण ऑगस्ट १९९० मधले आहे. बोस्टन रेड सॉक्स विजेतेपदाच्या शर्यतीत होते आणि त्यांना एक अनुभवी राखीव पिचर हवा होता. ह्यूस्टनकडे सदतीस वर्षांचा लॅरी अँडरसन होता. त्याच्या बदल्यात ह्यूस्टनने बोस्टनच्या डबल-ए संघातला, कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटनचा एक तिसऱ्या बेसचा खेळाडू मागितला. नाव जेफ बॅगवेल. वय बावीस, सरासरी .३३३, होम रन फक्त चार. तिसऱ्या बेसवर बोस्टनकडे वेड बॉग्ज होता आणि त्याच्यामागे ट्रिपल-एमध्ये आणखी एक होतकरू रांगेत उभा होता. चार होम रनवाला खेळाडू द्यायला हरकत कोणती? पण न्यू ब्रिटनचे मैदान होम रनसाठी कुप्रसिद्ध होते, चेंडू तिथे दूर जातच नसे. बॅगवेलचे चौतीस डबल्स त्याची ताकद सांगत होते आणि त्याचे वॉक स्ट्राइकआउटपेक्षा जास्त होते. अँडरसनने बोस्टनसाठी पंधरा सामने खेळले आणि हंगाम संपताच तो निघून गेला. बॅगवेल पंधरा वर्षे ह्यूस्टनकडून खेळला, त्याने ४४९ होम रन मारले आणि २०१७ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले.

आता चेंडूचा वेग, फिरकीचे फेरे, बॅटवरून सुटताना चेंडूने घेतलेला वेग आणि कोन हे सगळे कॅमेरे आणि रडार मोजतात. मायनर लीगच्या मैदानांवरही ही यंत्रे पोहोचली आहेत. आजच्या काळात न्यू ब्रिटनसारख्या मैदानात बॅगवेल झाकला गेला नसता.

पिचरची पारख यंत्रांनाही पुरती जमलेली नाही, कारण तिथे मध्ये कोपर येते. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपराचा तुटलेला अस्थिबंध बदलला. आज ती शस्त्रक्रिया सर्रास होते आणि बरेच जण तीतून सावरून परततात. पण वर्ष-दीड वर्ष हातचे जाते आणि जुना वेग परत येईलच याची खात्री नसते. म्हणून तोलामोलाच्या बॅटरपेक्षा पिचर होतकरूंच्या यादीत खाली ठेवावा, असे अनेक जाणकार मानतात.

कागदावर न दिसणारा आणखी एक भाग म्हणजे ही मुले जगतात कशी. डबल-एमधल्या खेळाडूचे किमान वार्षिक वेतन २०२२ पर्यंत १३,८०० डॉलर होते. रात्रभर बसप्रवास, स्वस्त बर्गर आणि एका खोलीत चार-पाच जण, अशा अवस्थेत वीस वर्षांच्या शरीराकडून वाढीची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होते, आणि क्लबच्या दृष्टीनेही आतबट्ट्याचे. २०२२ मध्ये मायनर लीगचे खेळाडू मेजर लीगच्या खेळाडू संघटनेत आले आणि पुढच्या वर्षीच्या करारात हे वेतन ३०,२५० डॉलर झाले. हा बदल फार उशिरा आला.

एकेका खेळाडूची पारख आणि संपूर्ण फार्म सिस्टीमची पारख यांत अंतर आहे. ते कळण्यासाठी कॅन्सस सिटी रॉयल्सइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण. १९८५ नंतर या संघाने बाद फेरी पाहिली नव्हती. २०११ च्या सुरुवातीला ‘बेसबॉल अमेरिका’ या नियतकालिकाने देशातले शंभर सर्वोत्तम होतकरू निवडले, तेव्हा त्यांत रॉयल्सचे नऊ होते. एका क्लबचे इतके खेळाडू त्या यादीत पूर्वी कधीच नव्हते. पहिले तीन बॅटर होते: एरिक हॉस्मर, माइक मुस्टाकस, विल मायर्स. त्यातल्या हॉस्मरचा २००९ चा हंगाम वाईट गेला होता आणि काहींनी त्याच्यावर फुली मारली होती. कारण डोळ्यांत सापडले. शस्त्रक्रियेने नजर सुधारली आणि २०१० मध्ये त्याची सरासरी .३३० च्या वर गेली. मुस्टाकसने त्याच वर्षी डबल-ए आणि ट्रिपल-ए मिळून ३६ होम रन मारले.

या नऊ जणांचे पुढे काय झाले? हॉस्मर आणि मुस्टाकस संघाचे आधारस्तंभ झाले. डावखुरा पिचर डॅनी डफी २०१० मध्ये खेळ सोडून घरी गेला होता, काही महिन्यांनी परतला आणि पुढे अनेक वर्षे रॉयल्ससाठी खेळला. ख्रिस ड्वायरने मेजर लीगमध्ये जेमतेम हजेरी लावली. डिसेंबर २०१२ मध्ये मायर्स, जेक ओडोरिझी आणि माइक माँटगोमेरी यांना टँपा बेला देऊन रॉयल्सनी जेम्स शील्ड्स आणि वेड डेव्हिस हे पिचर आणले. मायर्स पुढच्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला तेव्हा रॉयल्सना बरेच बोल लागले. पण २०१४ मध्ये संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अंतिम फेरीपर्यंत, गेला आणि २०१५ मध्ये जिंकला. त्या विजयातला शेवटचा चेंडू डेव्हिसने टाकला. जॉन लँबचे कोपर २०११ मध्येच गेले होते, तरी २०१५ च्या जुलैमध्ये सिनसिनाटीकडून जॉनी क्वेटो आणताना दिलेल्या तिघांत तो होता, आणि क्वेटोने वर्ल्ड सिरीजचा दुसरा सामना एकहाती संपवला. ख्रिश्चन कोलोनला २०१० मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडले होते. त्याला नियमित जागा कधीच मिळाली नाही, पण अंतिम सामन्यात बाराव्या डावात आघाडी मिळवून देणारी हिट त्याचीच होती. माँटगोमेरी फिरत फिरत शिकागो कब्जमध्ये पोहोचला आणि २०१६ मध्ये १०८ वर्षांनी त्या संघाला मिळालेल्या विजेतेपदाचा शेवटचा बळी त्याने घेतला.

नऊ जणांची एकेकटी प्रगती तपासली तर निकाल मध्यम म्हणावा लागेल. क्लबला मिळालेले फळ मात्र विजेतेपदाचे होते. फार्म सिस्टीमचे मोल खोलीत असते. काही स्वतः वर येतात, काहींच्या बदल्यात इतर येतात आणि दुखापतींचा फटका सोसायला संख्या लागते. यादीच्या बाहेरही नजर हवी. २००६ मध्ये व्हेनेझुएलात करारबद्ध झालेला कॅचर साल्वादोर पेरेझ त्या नऊ जणांत नव्हता. २०१५ च्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

किंमतही मोजावी लागली. हॉस्मर, मुस्टाकस आणि त्याच संघातला लॉरेंझो केन २०१७ अखेरीस एकदमच मोकळे झाले. अदलाबदलींमुळे खालच्या पायऱ्या रिकाम्या होत्या. २०१८ मध्ये संघ १०४ सामने हरला. त्या हंगामामुळे २०१९ च्या ड्राफ्टमध्ये त्याला दुसरा क्रमांक मिळाला आणि त्यावर टेक्सासमधला शाळकरी शॉर्टस्टॉप बॉबी विट ज्युनियर निवडला गेला. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, तो .३३२ सह अमेरिकन लीगमध्ये सरासरीत अव्वल ठरला आणि रॉयल्स २०१५ नंतर प्रथमच बाद फेरीत गेले.