हातकणंगले : कांडी भरणाऱ्यांचा तालुका

कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. हातकणंगले हे त्यावरचं स्टेशन. शेजारची इचलकरंजी २०२२ मध्ये महापालिका झाली, पण रेल्वे पकडायला तिला आजही इथंच यावं लागतं. पोटापाण्याची वाट मात्र उलटी आहे. तालुक्यातल्या कितीतरी गावांतली माणसं पाळीला जातात ती इचलकरंजीच्या मागांवर.

तिथं १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला; जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचं त्याला पाठबळ होतं. मागाभोवती कामं वाढत गेली. सायझिंगमध्ये सुताला खळ चढते, वहिफणीवाला बीमचा, म्हणजे उभ्या धाग्यांच्या रुळाचा, एकेक धागा ओवतो, जॉबर माग चालता ठेवतो, घडीवाला कापड तपासतो, दिवाणजी हिशेब लिहितो. विणकराची मजुरी पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांवर. ५२ पिकांचं कापड हा दराचा पाया. आणि धोट्यात बसणारी सुताची कांडी भरायला कांडीवाला, अनेक ठिकाणी कांडीवाली.

शटललेस, म्हणजे बिनधोट्याचे माग आले आणि पहिला घाव बसला तो या कांडीवालीवर.

रॅपियर किंवा एअरजेट मागात धोटाच नसतो, सूत थेट कोनावरून येतं. कांडी अधिक वेगानं भरणारं यंत्र आलं असतं तर ते चालवायला कुणीतरी लागलं असतं. इथं कांडीच उरली नाही. शिवाय वेगातही फरक आहे: साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास आडवे धागे टाकतो, एअरजेट सहाशेच्या पुढे.

असे नवे माग घ्यायला मदत करणारी केंद्राची तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना १९९९ मध्ये आली. १ जानेवारी २००५ ला जागतिक कापड व्यापारातला कोटा संपला आणि निर्यातीला निर्दोष, मोठ्या पन्ह्याचं कापड लागू लागलं. भांडवलवाल्यांनी नवे माग घेतले. खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीनं विणून देणारे छोटे मागधारक, जुन्याच मागांवर राहिले. मंदीत त्यांचे माग भंगारात निघतात, तेव्हा त्यांच्याकडची कामंही जातात.

घोरपड्यांच्या राजवाड्यात आता डीकेटीई संस्थेचं अभियांत्रिकी महाविद्यालय भरतं, १९८२ पासूनचं. एअरजेटच्या शेडला हवे असलेले वस्त्रोद्योग अभियंते तिथं घडतात. तालुक्यातल्याच शिरोलीच्या फाउंड्र्यांत तरुण पोरं सामावून जातात. पन्नाशीच्या कांडीवालीला दोन्हीकडे जागा मिळणं अवघड. यंत्रमाग कामगारांसाठी स्वतंत्र कल्याणकारी मंडळाची मागणी संघटना वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. त्या मंडळाच्या नोंदवहीत विणकराइतकंच तिचंही नाव हवं, काम गेल्यानंतरसुद्धा.